वाढत्या मापाचे बूट

महिपती वाघचौरेच्या आडनावात वाघ आहे, ही चूक त्याच्या पूर्वजांची. त्यात त्याचा काडीचाही हात नाही. मांजर आडवी गेली तर तो थांबतो, आणि तेही अपशकुनासाठी नव्हे. मांजर केव्हा उडी मारेल याचा नेम नसतो म्हणून.

अशा माणसाला सिन्नरला लोक भित्रा म्हणत. कतारमध्ये त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणत. दोहाबाहेरच्या वाळूत फुटबॉल विश्वचषकासाठी जी स्टेडियमं उठत होती, त्यांतल्या एकावर तो कामाला होता. सकाळी कामाला हात लागण्याआधी शे-दीडशे मजुरांना एका जागी उभं करायचं आणि आज कोण कुठून पडू शकेल, कुणाच्या डोक्यावर काय पडू शकेल, हे दहा मिनिटं सांगायचं. साइटवर याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. बाकीचे ऑफिसर कागदावरून वाचत. महिपतीला कागद लागत नसे. त्याला ते सगळं समोर घडताना दिसत असे. बोलता बोलता त्याचाच चेहरा असा पांढराफटक पडे, की मागच्या रांगेतले पेंगणारे गडीही हेल्मेटचा पट्टा चाचपून बघत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सँभाल के". म्हणून मजुरांनी त्याचं नाव ठेवलं होतं, सँभालके साहब.

घरी फार वेगळं नव्हतं. दोहाच्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको विभावरी दिवाळीच्या चकल्या तळायला उभी राहिली, की महिपती गॅसपासून हातभर अंतरावर जमिनीला पिवळी-काळी चिकटपट्टी लावी.

"अहो, मग चकल्या काय इथून फेकून तळू?"

"फेकायच्या तर मुळीच नाहीत. तेल उडतं."

या दोघांची मुलगी गार्गी. दहावीत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. परीक्षा झाली की जूनमध्ये ती पुण्याला, विभावरीच्या बहिणीकडे जायची होती, अकरावीसाठी. दोहातल्या बऱ्याच मराठी घरांत हे असंच ठरलेलं असतं. मूल दहावी झालं की एक खोली रिकामी होते आणि तिथे इस्त्रीचं टेबल येतं.

आता गार्गीचं आणि बाबांचं भांडण नव्हतं. असं काहीच नव्हतं. फक्त दोन वर्षांपूर्वी सगळे सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांवर गेले होते. तिथे गाडी टेकडीच्या माथ्यावर नेतात आणि पलीकडे सोडून देतात. याला लोक मजा म्हणतात. पहिल्याच टेकडीच्या पायथ्याशी महिपतीने दार उघडलं, उतरला, आणि म्हणाला, "तुम्ही जा. मी चालत येतो." डांबरी रस्ता तीन किलोमीटर मागे होता. गार्गी मागच्या काचेतून बघत राहिली. बुटांत वाळू भरलेले बाबा लहान लहान होत गेले.

तेव्हापासून ती त्यांना कशालाच ‘चला’ म्हणाली नाही. "इट्स ओके, बाबा," म्हणायची. समजूतदारपणे, पाठीवर हात ठेवून. त्या ‘ओके’ची महिपतीला जितकी धास्ती होती तितकी क्रेनच्या सैल झालेल्या दोराचीही नव्हती.

यंदा दहावीचा शेवटचा पेपर झाला की जॉर्जियाला जायचं ठरलं. दोहाहून विमानाने तीन-साडेतीन तास. तिथे गुदाउरी म्हणून गाव आहे, एप्रिलपर्यंत बर्फ. गार्गीला स्कीइंग शिकायचं होतं. एका शुक्रवारी दुपारी ती स्वयंपाकघरात आईशी बोलत होती आणि महिपती बाहेर पेपर वाचत होता.

"सो यू अँड आय विल स्की," गार्गी म्हणाली, "अँड बाबा विल स्टे विथ द बॅग्ज."

"मी नाही बाई स्की-बी. पण हो, बॅगांजवळ कुणीतरी लागतंच," विभावरी म्हणाली.

वाक्यात कुचेष्टा नव्हती. कुचेष्टा असती तर महिपतीला बरं वाटलं असतं. मुलगी नुसती घरातल्या वस्तूंची माहिती सांगत होती: फ्रिज थंड ठेवतो, पंखा फिरतो, बाबा बॅगांजवळ बसतात.

पेपर तसाच धरून तो बसून राहिला.  जूनमध्ये ही जाणार. तिथे एखाद्या दिवशी घाबरली, फसली, रडू आलं, तर फोन कुणाला करणार? आईला करील, मावशीला करील. बॅगांजवळ बसलेल्या माणसाला कोण फोन करतं?

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला, चिकटपट्टीच्या अलीकडे थांबला, आणि म्हणाला, "मी पण शिकणार. स्की."

कुकरची शिट्टी झाली. दोघींनी आधी कुकरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"यू डोन्ट हॅव टू, बाबा."

"यल्ला, चला, बुकिंग करा," महिपती म्हणाला. आवाज त्याचाच होता. 

त्यानंतर त्याने जे करायचं तेच केलं. धोक्यांचा अभ्यास. साइट ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून वाचत बसे. पहिल्या आठवड्यात हिमकडे कोसळण्याचं वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की हिमकडे क्वचित कोसळतात. रोजचं रडगाणं वेगळंच आहे. देशोदेशीचे लोक एकाच गोष्टीने विव्हळत होते: स्कीचे बूट आणि नडगी. बूट प्लास्टिकचे, दगडासारखे, पोटरीपर्यंत येणारे. ते पुढून नडगीवर आपटतात. निळी पडते, सुजते, माणूस उभा राहू शकत नाही.

नडगी हा आपल्याकडे फक्त लागण्यासाठी असलेला अवयव आहे. एरवी तिची आठवण कुणी काढत नाही. अंधारात पलंगाचा कोपरा लागला की तेवढी ती आहे असं समजतं. महिपतीला मात्र आता बसता-उठता आपल्या दोन्ही नडग्या जाणवू लागल्या. पँटच्या आत, बिचाऱ्या, काही न कळता उभ्या असलेल्या. तो लिफ्टमध्येही त्यांच्यापुढे फाइल धरू लागला.

सराव तरी करावा, तर दुबईच्या मॉलमध्ये बर्फाचा डोंगर आहे म्हणे. पण कतारशी शेजारी देशांनी मांडलेल्या भांडणाला दोन वर्षं होत आली होती. थेट विमान बंद, जायचं तर मस्कतला वळसा. "बर्फावर पडायला इतका वळसा कशाला?" विभावरी म्हणाली. "सरळ जॉर्जियात पडा."

बूट तिकडे भाड्याने मिळतात. पण लोकांनी वापरलेले भाड्याचे बूट म्हणजे नडगीला आमंत्रणच, असं त्याच्या मनाने घेतलं. तेवढ्यात वेस्ट बेच्या एका टॉवरमधला नॉर्वेजियन इंजिनियर देश सोडून निघाला होता आणि घरातलं सगळं विकत होता. सोफ्यामागे स्कीचे बूट होते. काळे, जवळजवळ नवे. नंबर दहा.

महिपतीचा नंबर आठ.

इथे कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. महिपतीला मात्र आनंद झाला, आणि त्याचं कारण सिन्नरात आहे. त्याचे वडील पोस्टात होते. तीन मुलं, दोन वर्षांतून एकदा शाळेचे बूट. दुकानाची पायरी चढतानाच ते सांगत, "वाढत्या मापाचे दाखवा." पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा, पाय फरफटत शाळेत जायचं. पाय हळूहळू बुटाच्या मापाला पोचायचा, आणि पोचला की त्याच पंधरवड्यात बूट फाटायचा. उभ्या बालपणात महिपतीच्या बोटांना बुटाचं पुढचं टोक असं लागलंच नाही. सतराव्या वर्षी पाय वाढायचा थांबला. पण घरातले नियम पायाला विचारून थांबत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षीही तो नऊ नंबर घेई, गार्गीला एक नंबर मोठा घेई, आणि साइटवर मजुरांचे सेफ्टी बूट त्याच्या सहीने येत, तेही एक नंबर मोठे. वर कारण लिहिलेलं: उन्हात पाय सुजतात.

दहा म्हणजे तर दोन नंबर मोठे. ऐसपैस. आत गादी घालायला जागा!

बूट घेतले आणि त्याच संध्याकाळी घरच्या हॉलमध्ये एसी सोळावर टाकून रंगीत तालीम झाली. आधी थर्मलची विजार. तिच्यावर बहिणीने विणून पाठवलेले लोकरीचे मोजे. त्यावर दुसरे मोजे. नडगीवर गार्गीचे शाळेतल्या हॉकीचे पॅड. आणि या सगळ्यावर बूट. चार बक्कलं आवळून तो उभा राहिला आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंत चालला. प्रत्येक पावलाला टाच आत वर उचलली जाई, पाय पुढे घसरे, आणि नडगी बुटाच्या काठावर जाऊन आपटे. ठक्. ठक्.

"दुखतंय?" विभावरीने विचारलं.

"थोडं."

"मग काढा ना."

"दुखतंय म्हणजे आत मऊ कमी पडतंय." त्याने उशीच्या अभ्र्याची घडी करून कोंबली. मग जास्त दुखलं. मग आणखी कोंबलं. गार्गी दारात उभी राहून बघत होती.  तिने फक्त एसी वाढवून दिला.

दुसऱ्या दिवशी साइटवर तो लंगडत होता. फजल म्हणून परांचीवर काम करणारा एक गडी होता, मालेगावचा, त्यामुळे महिपतीशी हक्काने बोलायचा. जमिनीपासून तीस मीटरवर पाइपावर मांजरासारखा चालणारा माणूस.

"काय झालं साहब? गिरे क्या?"

महिपतीने बुटांचं सांगितलं. फजलने मान हलवली.

"बडा है, साहब. छोटा जूता दबाता है. बडा जूता मारता है." त्याने स्वतःच्या पँटचा पाय वर केला. नडगीवर, सेफ्टी बुटाच्या काठाच्या उंचीवर, जुना काळा घट्टा होता. "ये देखो. आपने दिया हुआ. कितनी बार बोला, अंदर घूमता है."

"उन्हात पाय सुजतात, फजल."

"सूजा तो शाम को उतर जाएगा. आप कल से छोटा पहनो."

महिपतीला पटलं नाही. या पोरांना स्टाइल मारायला सगळं घट्टच लागतं. पण तो काळा घट्टा त्याला दिवसभर दिसत राहिला.

गुदाउरीत पोचले त्या दिवशी ऊन होतं आणि जिकडेतिकडे पांढरं. इतकं, की खड्डा कुठे, काठ कुठे, काही कळत नव्हतं. साइटवर काठाला निदान लाल पट्टी असते. इथे देवाने एकही पट्टी लावली नव्हती. महिपतीचा उत्साह विमानातच संपला होता. आता फक्त शब्द राहिला होता, तो मुलीला दिलेला.

शिकणाऱ्यांची घसरगुंडी अगदी लहान, चाळीस-पन्नास पावलांची. गुरू एक तरुण मुलगा. गार्गी, दोन-चार पोरं, आणि महिपती. "यू मेक पिझ्झा," गुरूने सांगितलं. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. वेग कमी होतो. पोरांनी पिझ्झा केला आणि गेली. महिपतीने खाली पाहिलं. पन्नास पावलं नव्हती ती, विहीर होती. त्याचं सगळं अंग मागे झुकलं, जसं कुठल्याही शहाण्या माणसाचं झुकेल. आणि मागे झुकलं की स्की पुढे पळतात. टाच उचलली, नडगी सुटली, आणि मग दोन्ही नडग्या एकदम बुटाच्या काठावर अशा आपटल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो बसला. उठला. पुन्हा मागे झुकला. ठक्.

चौथ्या खेपेला ओरडायलाही आवाज निघेना. गार्गी वर आली. तिने त्याचा चेहरा पाहिला.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. पाठीवर हात ठेवून. "सिट फॉर सम टाइम."

तो जिथे बसला तिथे, भाड्याच्या सामानाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, शेजारी बॅगा होत्या. विभावरी चहा आणायला गेली होती. दिवस अजून एक उरला होता, उद्याचा. नंतर विमान, निकाल, जून. त्याने बूट काढले, मोजे काढले, पॅड, अभ्रा. नडग्या वांग्यासारख्या जांभळ्या झाल्या होत्या. पण तो घाबरला होता तो त्यांच्यासाठी नव्हे. दूरवर लाल टोपीतली गार्गी आता मागे वळून बघत नव्हती.

"हू गिव्ह यू धिस?" डोक्यावरून आवाज आला. दुकानातली म्हातारी दारात उभी होती. रुंद, डोक्याला रुमाल, हातात पेचकस. दहा नंबरचा बूट तिने शेपटीने उंदीर धरावा तसा उचलला होता. "एनिमी?"

"माय सेल्फ," महिपती म्हणाला.

म्हातारीने कपाळावर हात मारला. ती खूण समजायला भाषा लागली नाही. तिने त्याला आत ओढलं, बाकड्यावर बसवलं, बुटातलं आतलं मऊ अस्तर उपसून काढलं आणि त्याचा उघडा पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात घातला, बोटं पुढे टेकवून. मग टाचेच्या मागे हात घातला. अख्खी मूठ गेली. तिने मूठ आतल्या आत हलवून दाखवली, दुकानातल्या चार लोकांना बोलावून दाखवली. मग आठ नंबरचं कवच आणलं. त्यात टाचेमागे तिची दोनच बोटं गेली. "गुड," ती म्हणाली.

पुढचं सगळं महिपतीच्या उभ्या आयुष्याच्या विरुद्ध होतं. लोकरीचे मोजे तिने कोपऱ्यात भिरकावले. एकच मोजा, पातळ, गुडघ्यापर्यंत, एकही चुणी नाही. थर्मलची विजार बुटाच्या बाहेर, वर ओढलेली. आत नडगीपाशी मोज्याशिवाय काही नको. पाय घालून टाच जमिनीवर ठोकायला लावली, दोनदा. खालची बक्कलं सैल, घोट्याजवळची घट्ट. महिपती उभा राहिला आणि किंचाळला.

"स्मॉल! स्मॉल!"

बोटं पुढे टेकली होती. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बोटांना बुटाचं टोक लागलं होतं, आणि भिंतीत चिणल्यासारखं वाटलं.  म्हातारीने दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांमागे घातले आणि ते पुढे दाबले. गुडघे वाकले, टाच मागे जाऊन बसली, आणि बोटं सुटली. अलगद. बुटाच्या पुढच्या बाजूने त्याच्या नडगीला तळहात लावावा तसं धरलं होतं.

"शिन हिअर," बुटावर थाप मारत ती म्हणाली. "ऑलवेज हिअर. यू अफ्रेड, यू गो बॅक. बूट, बँग!"

महिपती तसाच, गुडघे वाकवून, आरशासमोर उभा राहिला. सरळ उभं राहिलं की बूट चावत होता. पुढे झुकलं की सोडत होता. फजलचं बरोबर होतं. तो काळा घट्टा आठवला आणि महिपतीने मान खाली घातली.

संध्याकाळी विभावरीने नडग्यांना बाम चोळला. "उद्या नका जाऊ हो," ती म्हणाली. "काय सिद्ध करायचंय तुम्हाला?" त्याने बामाची डबी बंद केली. सांगितलं असतं तर तीही म्हणाली असती, इट्स ओके.

दुसऱ्या दिवशी नवख्यांचा वर्ग पाळण्याने, म्हणजे दोरावर लटकत जाणाऱ्या खुर्चीने, वर जायचा होता. वरून एक रुंद, सोपा उतार खाली येतो. गार्गी म्हणाली, "बाबा, यू डोन्ट…" आणि त्याचे बूट बघून थांबली. "दीज आर स्मॉल."

"मापाचे आहेत," महिपती म्हणाला.

पाळणा थांबत नाही. मागून येतो, गुडघ्यात मारतो, उचलतो. खाली चाळीस फूट पोकळी आणि समोर फक्त एक दांडी. "हार्नेस कुठाय?" महिपतीने विचारलं, तोवर जमीन गेली होती. त्याच्या साइटवर असलं काही दिसलं असतं तर त्याने काम बंद पाडलं असतं. त्याने डोळे मिटून घेतले आणि दांडी अशी धरली की हातमोज्यांची शिवण उसवली.

वर पोचेपर्यंत वारा सुटला होता. दहा मिनिटांत ढग आला, आणि डोंगर होता तो नाहीसा झाला. पाळणेवाल्याने लाल दिवा लावला, हाताने फुली केली. खलास, वाऱ्यामुळे पाळणा बंद. आता खाली जायचं तर उतारानेच. गुरूने पोरांना एकामागे एक लावलं आणि "स्लोली, फॉलो मी," म्हणून निघाला. एक गेला, दुसरा गेला. गार्गी हलली नाही.

"गार्गी, चल. रांग चाललीय."

 पुढच्याची निळी टोपी धुरकट झाली आणि विरून गेली. आता दोघंच होते, आणि सगळीकडे दूध सांडल्यासारखं पांढरं.  त्याने तिच्याजवळ सरकून तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे, डोळे मोठे. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. रोज दाढी करताना तो हाच चेहरा बघत असे.

"बाबा," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मराठीत म्हणाली.

"मला पण," महिपती म्हणाला. "खूप."

"पाय हलतच नाहीयेत माझे. तुम्ही जा खाली. कुणालातरी पाठवा."

दोन वर्षांपूर्वी असाच एकजण चालत गेला होता. महिपतीने काठ्या बर्फात रोवल्या.

"मला भीती घालवता येत नाही गं," तो म्हणाला. "मला फक्त तिची यादी करता येते. तीच तर नोकरी आहे माझी. सांग, कशाची वाटतेय? एकेक."

"दिसत नाहीये."

"खरंय. पण त्या बाजूला खांब आहेत, केशरी. पहिला दिसतोय? तेवढंच जायचं. त्याच्यापुढे डोंगर नाहीच असं समज. पुढचं?"

"कडा असेल तर?"

"कडा डावीकडे, जाळी लावलीय. येताना बघितली मी." डोळे मिटण्याआधी त्याने तेवढं बघून ठेवलं होतं. "आपण उजव्या अंगाने. आणखी?"

"पडले तर?"

"पडणार. मी तर नक्की पडणार. बर्फ आहे, काँक्रीट नाही. काँक्रीटवर पडलेले बघितलेत मी, त्यातलेही उठलेत. आता ऐक. आपल्याला वाटतं मागे झुकावं. तिथेच चुकतं. मागे गेलं की स्की पळते आणि बूट मारतो. गुडघे वाकव. नडगी पुढे, बुटाला टेकवून ठेव. सोडायची नाही."

"व्हॉट्स नडगी?"

"शिन."

"नडगी," ती म्हणाली. नाक ओढलं. "ओके. नडगी."

"पिझ्झा कर. मी मागे आहे. सँभाल के."

पहिला खांब आला. तिथे थांबून दोघांनी श्वास घेतला. मग दुसरा. प्रत्येक खांबापाशी महिपतीचं अंग त्याला मागे ओढत होतं, आणि प्रत्येक वेळी तो नडगी बुटावर टेकवत होता, जसा कुणी हात धरावा. भीती कमी झाली नाही. सातव्या खांबाशी तर वाढली, कारण वाऱ्याने खांबच दिसेना. दोघं एकमेकांच्या काठ्या धरून उभे राहिले आणि गार्गीने शाळेतली प्रार्थना म्हटली, अर्धीच आठवत होती ती. तो चार वेळा पडला, ती दोनदा. पाच वर्षांची पोरं शिट्ट्या घालत बाजूने निघून गेली. तेवीस खांब. तेविसाव्यानंतर ढग संपला आणि खाली दुकान दिसलं, बाक दिसलं, आणि बाकावर बॅगांच्या मधोमध बसलेली विभावरी.

"कुठे होता!" ती उठून ओरडली. "ती सगळी पोरं केव्हाची आली! इथे जिवाचं पाणी पाणी झालं माझ्या!"

"बाबा वॉज सो स्लो, आई," गार्गी म्हणाली. "ही काउंट्स पोल्स."

तेवढंच म्हणाली. खांद्यावरची स्की त्याच्या हातात दिली आणि चहा प्यायला गेली. महिपती बाकावर बसला, आणि मग मात्र त्याचे दोन्ही पाय असे लटलट कापायला लागले की विभावरीला त्यांच्यावर बॅग ठेवावी लागली.

दोहाला परतल्यावर पहिल्याच रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, त्याने स्टोअरमधून बुटांचा फॉर्म मागवला आणि ‘एक नंबर मोठा’ ही ओळ खोडली. कागद आणि पेन्सिल घेऊन गड्यांच्या पावलांची मापं घेत बसला, रांगेने. फजल पाय पुढे करून म्हणाला, "क्या हुआ साहब, बर्फ ने समझाया?"

"माफ कर, फजल," महिपती म्हणाला. "पाय सरळ ठेव."

जूनमध्ये गार्गी गेली. खोलीत इस्त्रीचं टेबल आलं. पुण्याहून फोन रोज यायचा, आईच्या फोनवर. ‘बाबा कसे आहेत’ शेवटी, तीन शब्दांत. महिपती त्या तीन शब्दांसाठी जवळपास घुटमळत असे.

जुलैतल्या एका सकाळी तो साइटच्या केबिनमध्ये परमिटवर सह्या करत होता. फजल समोर उभा. टेबलावरचा फोन वाजला. महिपतीचा स्वतःचा.

"बाबा." मागे रिक्षांचे हॉर्न. "कॉलेजच्या गेटबाहेर उभी आहे मी. पहिला दिवस आहे. सगळ्यांचा ग्रुप आहे आधीचा. माझं मराठी ऐकून हसतात काल फी भरताना भेटलेल्या मुली. आत जाववत नाहीये." थांबली. "आईला नका सांगू."

 दोन हजार किलोमीटर, मध्ये समुद्र, आणि गेटबाहेर एकटी मुलगी. सगळी वाहनं त्याला दिसली, सगळे खड्डे दिसले. पेन खाली ठेवलं. फजलला हाताने थांब म्हणाला.

"बरं," तो म्हणाला. "कशाची वाटतेय, सांग. एकेक."

आणि तो खुर्चीत पुढे सरकला, इतका, की दोन्ही नडग्या टेबलाच्या आडव्या फळीला जाऊन टेकल्या.